आवाज नसलेला भाग : बेस अ‍ॅम्प्लिफायरचा जळालेला ट्रान्सफॉर्मर आणि त्यात साठलेला इतिहास

🧵 धागा

१. साल १९६९. रोलिंग स्टोन्स हा इंग्लिश वाद्यवृंद अमेरिकेच्या दौऱ्यासाठी लॉस एंजेलिस परिसरात तालीम करत होता. अ‍ॅम्पेग या अमेरिकन कंपनीच्या इतिहासात नेहमी सांगितला जाणारा प्रसंग या तालमीतला आहे. वृंदाने सोबत आणलेले अ‍ॅम्प्लिफायर अमेरिकेतील वीजपुरवठ्याच्या घोटाळ्यात निकामी झाले. दौरा तोंडावर आला होता आणि वाद्ये मुकी झाली होती. या अडचणीतून बेस गिटारच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायर जगासमोर आला.

२. हा प्रसंग घडू शकला, कारण दोन देशांच्या भिंतींतून येणारी वीज एकसारखी नव्हती. त्या विजेची आणि वाद्याची गाठ ज्या ठिकाणी पडते, तो भाग म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर. मराठी पाठ्यपुस्तकांतले रोहित्र. अ‍ॅम्प्लिफायरमधील हा बहुधा सर्वांत जड भाग. त्यातून सूर जात नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. तो जळाला म्हणजे मात्र सारेच थांबते. जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलणे हे कारागिराचे काम खरे. पण ते नीट करायचे तर जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास हाताशी असावा लागतो.

३. आरंभ लंडनमध्ये झाला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडे यांनी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू वा बंद करताना दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज उमटली. दोन्ही वेटोळ्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्यांच्यामध्ये होते ते फक्त लोखंडातील बदलते चुंबकत्व. आजच्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचे तत्त्व या कड्यात आहे.

४. प्रयोगशाळेतील कडे व्यवहारात यायला अर्धे शतक लागले. १८८४-८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील कारोय झिपर्नोव्स्की, ओटो ब्लाथी आणि मिक्शा देरी या तिघांनी बंद गाभ्याचा, कार्यक्षम ट्रान्सफॉर्मर घडवला. पुढच्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन या गावात विल्यम स्टॅन्ली यांनी ट्रान्सफॉर्मरच्या आधारे दुकानांत दिवे लावून दाखवले. वीज दूरवर नेऊन हव्या त्या दाबाने वापरता येते, हे सिद्ध झाले.

५. दाब किती ठेवायचा, यावर मात्र जगाचे एकमत झाले नाही. न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली एडिसन यांनी सुमारे ११० व्होल्टची एकदिश वीज पुरवली होती. पुढे अमेरिकेत प्रत्यावर्ती वीज आली, तरी घरगुती दाब त्याच पट्ट्यात राहिला आणि वारंवारता ६० हर्ट्झ ठरली. युरोपात दुप्पट दाब रूढ झाला. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी निम्मा प्रवाह पुरतो आणि तारेतील नुकसान एक चतुर्थांशावर येते. ब्रिटनमध्ये २४० व्होल्ट व ५० हर्ट्झ स्थिरावले. ब्रिटिश अंमलातील भारतात वीज त्याच परंपरेतून आली. आज आपल्या घरांत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ मिळतात.

६. आता संगीताकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॅझ वृंदांतील ब्रास वाद्यांच्या आवाजात डबल बेस बुडून जाई. एव्हरेट हल हे स्वतः बेस वाजवणारे. डबल बेस जमिनीवर ज्या खुंटीवर टेकतो, त्या खुंटीवर वाद्याच्या पोटात मायक्रोफोन बसवण्याची युक्ती त्यांनी काढली. इंग्रजीत खुंटी म्हणजे ‘पेग’. ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’ या शब्दांवरून ‘अ‍ॅम्पेग’ हे नाव पडले. १९४६ साली सुरू झालेल्या त्यांच्या उद्योगाला पुढे हेच नाव मिळाले.

७. दुसरी धारा कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावाची. तेथे लिओ फेंडर यांचे १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. १९५१ मध्ये त्यांनी प्रिसिजन बेस ही विद्युत बेस गिटार बाजारात आणली आणि १९५२ मध्ये तिच्या जोडीला बासमन हा अ‍ॅम्प्लिफायर. लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून पाहण्यात त्यांची वर्षे गेली होती. त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर उघडायला व दुरुस्त करायला सोपे, याचे मूळ या दुकानात शोधता येते.

८. बेससाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर का लागावा? बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. माणसाचा कान खालच्या स्वरांना मंद असतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. खालचा स्वर मधल्या स्वराइतका ठळक ऐकू यावा, तर कितीतरी अधिक शक्ती खर्चावी लागते. अधिक शक्ती म्हणजे अधिक लोखंड, अधिक तांबे आणि मोठा ट्रान्सफॉर्मर. बेस अ‍ॅम्प्लिफायर उचलताना खांदे भरून येतात, ते या कारणाने.

९. एखादा भाग बदलल्याने इतिहास कसा वळतो, याचे उदाहरण लंडनच्या हॅनवेल भागातले आहे. तेथे जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. १९६२ मध्ये त्यांनी केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने फेंडर बासमनच्या रचनेवरून जेटीएम ४५ हा अ‍ॅम्प्लिफायर केला. आराखडा अमेरिकन, पण सुटे भाग ब्रिटनच्या बाजारात मिळणारे. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर दोन्ही वेगळे. नकलेतून निराळाच आवाज निघाला. इंग्लिश रॉकचा ध्वनी म्हणून पुढे जो ओळखला गेला, त्यात अशा पर्यायी भागांचा मोठा वाटा आहे.

१०. १९६०च्या दशकाअखेर संगीत मोठ्या सभागृहांत आणि मैदानांत पोहोचले. ४०-५० वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर तेथे अपुरे पडू लागले. रॉक संगीताविषयी फारसे प्रेम नसलेले हल तोवर कंपनीतून बाहेर पडले होते. अ‍ॅम्पेगमध्ये बिल ह्यूज यांच्या नेतृत्वाखाली ३०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आकाराला आला. त्याचे नाव एसव्हीटी.

११. एसव्हीटीमध्ये १४ व्हॅक्यूम ट्यूब होत्या, म्हणजे आपल्याकडील जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह. त्यांपैकी ६ शक्तीच्या. आरंभीच्या ६१४६ ट्यूबऐवजी लवकरच ६५५० ट्यूब आल्या. अशा एका ट्यूबची तार तापवायला ६.३ व्होल्टवर १.६ अँपिअर लागतात. सहांचे मिळून ९.६ अँपिअर, म्हणजे एकही स्वर वाजण्यापूर्वी सुमारे ६० वॉट केवळ ऊब देण्यात खर्च. शिवाय त्याच ट्यूबना सुमारे ७०० व्होल्टचा उच्च दाब हवा. स्पीकर सोडून फक्त वरच्या पेटीचे वजन ४० किलोच्या घरात गेले. त्यातला मोठा हिस्सा ट्रान्सफॉर्मरचा.

१२. आता पुन्हा त्या तालमीकडे. वृंदाच्या लोकांनी अ‍ॅम्पेगच्या हॉलिवूडमधील माणसांशी संपर्क साधला आणि एसव्हीटीचे प्राथमिक नमुने त्यांच्या हाती आले. नोव्हेंबर १९६९ मध्ये दौरा सुरू झाला, तो हे नमुने सोबत घेऊन. गिटारसुद्धा त्यांतूनच वाजल्या. एका वृंदाची विजेची अडचण दुसऱ्याच्या यंत्राची परीक्षा ठरली. पुढील दशकांत मोठ्या रंगमंचावर बेसवादकामागे उभी असलेली एसव्हीटीची पेटी हे ओळखीचे दृश्य झाले.

१३. त्या काळातले अ‍ॅम्प्लिफायर आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत आणि त्यांचे ट्रान्सफॉर्मर एकामागून एक दगावत आहेत. लोखंडी पत्रे व तांबे झिजत नाहीत. म्हातारे होते ते तारांवरचे मुलाम्याचे आवरण आणि थरांमधला कागद. व्ही. एम. मॉन्टसिंगर यांनी १९३० साली मांडलेला ठोकताळा अभियंते अजून वापरतात : तापमान ८ ते १० अंश सेल्सिअसने वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते. बंद पेटीत, सहा तापलेल्या ट्यूबच्या शेजारी पन्नास वर्षे काढलेल्या आवरणाची कल्पना करावी. एके दिवशी दोन शेजारची वेटोळी एकमेकींना चिकटतात, तेथे प्रचंड प्रवाह फिरू लागतो आणि जळक्या व्हार्निशचा वास खोलीभर पसरतो. भर हंगामात ‘डीपी जळाली’ हे वाक्य ऐकलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तत्त्व तेच, आकार लहान.

१४. मात्र ट्रान्सफॉर्मर बहुधा आपणहून मरत नाही. शॉर्ट झालेली ट्यूब, फुटलेला फिल्टर कपॅसिटर किंवा निकामी डायोड त्याच्याकडून मर्यादेबाहेर प्रवाह ओढतो. अशा वेळी फ्यूजने उडायचे असते. पण कार्यक्रम तासाभरावर आलेला असतो, योग्य फ्यूज जवळ नसतो, आणि कोणीतरी दुप्पट क्षमतेचा फ्यूज किंवा चक्क तारेचा तुकडा बसवतो. तो कार्यक्रम पार पडतो. ट्रान्सफॉर्मर पुढे कधीतरी त्याची किंमत मोजतो. म्हणून नवा ट्रान्सफॉर्मर बसवण्यापूर्वी जुन्याचा बळी कशाने घेतला, हे शोधणे क्रमप्राप्त आहे. अन्यथा नवाही त्याच वाटेने जातो.

१५. तपासाची रीत इतिहासाच्या पद्धतीशी जुळणारी आहे : एकेक साक्षीदार बाजूला काढायचा. प्रथम सर्व ट्यूब काढतात. फ्यूज टिकला, तर दोष ट्यूबकडे वा त्यांच्या परिपथाकडे. तरीही उडाला, तर ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर जाणाऱ्या सर्व तारा सोडवून घेतात. मग आपल्याकडील वायरमन वापरतात तोच सिरीज बोर्ड, म्हणजे वीजमार्गात सलग जोडलेला १०० वॉटचा जुन्या धर्तीचा दिवा. काहीही जोडलेले नसताना दिवा भडक पेटला, तर दोष वेटोळ्यांच्या आतच आहे. येथे एक इशारा आवश्यक. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात आणि ते जीव घेऊ शकतात. प्रशिक्षित हातांखेरीज कोणी हे धाडस करू नये.

१६. पर्याय निवडताना चार गोष्टी जुळाव्या लागतात : भिंतीकडील दाब व वारंवारता, ट्यूबच्या उच्च दाबाचे व्होल्ट व अँपिअर, तार तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या वेटोळ्याची क्षमता. आणि पेटीत बसण्यासाठी आकार व स्क्रूची छिद्रे. यांत व्होल्ट जुळले म्हणून अँपिअर कमी घेणे ही नेहमीची चूक. असा ट्रान्सफॉर्मर घरच्या सरावात चालतो आणि मैदानातील कार्यक्रमात तापून बसतो.

१७. जोडणीच्या वेळी मदतीला येते ती अमेरिकन उद्योगाने एकत्रितपणे ठरवलेली रंगांची खूण. भिंतीकडील तारा काळ्या, उच्च दाबाच्या लाल, त्यांचा मध्यबिंदू लाल-पिवळा, ट्यूब तापवणाऱ्या हिरव्या. कारखाने बंद झाले, मालक बदलले, पण हिरवी तार कशाची हे आजही मापनाआधीच अंदाजता येते. अर्थात पन्नास वर्षांत मध्येच कोणी हात घातलेला असू शकतो. म्हणून रंगावर विश्वास ठेवावा आणि मीटरने पडताळावा. कागदपत्रांबाबत इतिहासाचा विद्यार्थी हेच करतो.

१८. भिंतीतली वीजही स्थिर राहिलेली नाही. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरवर ११७ व्होल्ट छापलेले असते. आज तेथील मानक १२० आहे. एखाद्या घरी १२३ व्होल्ट मिळाले, तर सारे दाब ५ टक्क्यांनी चढतात, ६.३ चे ६.६ होतात, ७०० चे सुमारे ७३५. यंत्र बदललेले नसते, त्याच्याभोवतीचे जग बदललेले असते.

१९. जुना अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर मुंबई-पुण्यात आला, तर प्रश्न आणखी बिकट होतो. २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेपडाउन बाजारात सहज मिळतो, पण तो ५० हर्ट्झचे ६० करत नाही. वारंवारता घटली की त्याच दाबाला गाभ्यातील चुंबकत्व ६० भागिले ५० या प्रमाणात, म्हणजे २० टक्क्यांनी वाढते. ६० हर्ट्झपुरताच बेताने केलेला गाभा मग संपृक्त होतो आणि तापतो. स्टेपडाउन लावूनही ट्रान्सफॉर्मर का जळाला, याचे उत्तर अनेकदा येथे असते. वारंवारतेचा परिणाम कानालाही कळतो. बेसच्या खालच्या तारेवरील तिसऱ्या पट्टीचा स्वर ४९ हर्ट्झ. आपल्याकडील विजेची गुणगुण जवळपास त्याच स्वरात असते. अमेरिकेत ती वेगळ्या स्वरात ऐकू येते.

२०. येथवर प्रश्न तंत्राचा होता. खरा पेच यापुढे आहे. अनेक अमेरिकन ट्रान्सफॉर्मरवर एक छापील अंक असतो. पहिले तीन अंक निर्मात्याचे; उदाहरणार्थ, ६०६ म्हणजे शिकागोची शूमाकर कंपनी, जिचे ट्रान्सफॉर्मर अनेक फेंडर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आढळतात. पुढचे अंक वर्ष व आठवडा सांगतात. ६०६-६-३२ असे असेल, तर सहाने संपणाऱ्या वर्षाचा ३२वा आठवडा. तो १९५६ चा की १९६६ चा, हे अ‍ॅम्प्लिफायरच्या रचनेवरून ठरवावे लागते.

२१. हा अंक काय सिद्ध करतो? अ‍ॅम्प्लिफायर त्या आठवड्यात बनला, असे नाही. ट्रान्सफॉर्मर तेव्हा बनला. कारखान्यात तो काही महिने पडूनही असू शकतो. तेव्हा निष्कर्ष एवढाच, की भाग मूळचा असेल तर अ‍ॅम्प्लिफायर त्याआधीचा नाही. उत्खननात सापडलेल्या नाण्यावरून थराचा काळ ठरवताना हेच तर्कशास्त्र वापरतात. जळालेला ट्रान्सफॉर्मर काढून भंगारात टाकला, की वाद्याचा जन्मदाखलाच भंगारात जातो.

२२. मग करावे काय? संग्राहक म्हणतो, मूळ भाग हलवू नका. वादक म्हणतो, न वाजणारे वाद्य म्हणजे नुसते फर्निचर. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मधला एक मार्ग वाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे असतो. तो जुनी वेटोळी सोडवताना फेरे मोजतो, तारेची जाडी मापतो आणि त्याच गाभ्यावर नवी तार गुंडाळतो. लोखंड, आवरण व त्यावरचा अंक तसेच राहतात. मात्र ५० हर्ट्झसाठी गुंडाळायचे, तर दर व्होल्टमागे २० टक्के अधिक फेरे लागतात, आणि जुन्या गाभ्यात तेवढी जागा असेलच असे नाही.

२३. जागा नसेल, तर नवा ट्रान्सफॉर्मर घेण्यावाचून गत्यंतर नाही. मूळ निर्मात्याकडून तो मिळण्याची आशा थोडी. अ‍ॅम्पेग हेच नाव १९७१ पासून मॅग्नाव्हॉक्स, सेंट लुईस म्युझिक, लाउड टेक्नॉलॉजीज अशा हातांतून जात २०१८ मध्ये यामाहा गिटार ग्रुपकडे आले. पण कॅनडातील हॅमंड, अमेरिकेतील हेबोअर यांसारखे उत्पादक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर बनवतात. रचना उघड, मापे ठरलेली, आणि भाग स्क्रू काढून सुटा होणारा. म्हणून मूळ कारखान्याखेरीजही यंत्र जगू शकते.

२४. आजच्या बेस अ‍ॅम्प्लिफायरचे चित्र वेगळे आहे. क्लास डी तंत्र आणि स्विचिंग वीजपुरवठा आल्यावर शेकडो वॉटची पेटी दोन-तीन किलोवर आली. कित्येक पेट्या १०० ते २४० व्होल्टवर, ५० वा ६० हर्ट्झवर सारख्याच चालतात. १९६९ च्या तालमीतला घोटाळा त्यांच्या बाबतीत संभवत नाही. वादकाची पाठ सुटली, हा लाभ मोठा आहे. परंतु त्यातील वीजपुरवठा बिघडला, की बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. आणि त्या नमुन्याचे उत्पादन थांबलेले असेल, तर पेटीही टाकावी लागते. पन्नास वर्षांनंतर त्या उघडून कोणी काय वाचेल, हा प्रश्न पुढच्या इतिहासकारांपुढे राहील.

२५. तोवर ज्यांच्या हाती जुने यंत्र आहे, त्यांच्यासाठी एक साधी शिस्त. ट्रान्सफॉर्मर बदलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. अंक, तारांचे रंग व मोजलेले दाब लिहून ठेवावेत. बदलाची तारीख, कारण आणि नव्या भागाचा तपशील कागदावर लिहून तो कागद पेटीच्या आत चिकटवावा. आणि जळालेला ट्रान्सफॉर्मर, कितीही जड असला तरी, कापडात गुंडाळून अ‍ॅम्प्लिफायरसोबत जपावा. असे केल्यास वाद्य वाजत राहते आणि त्याचा पुरावाही शाबूत राहतो. रेडिओ, घड्याळ, शिवणयंत्र, घरातल्या कोणत्याही जुन्या यंत्राला हीच शिस्त लागू पडते.

(धागा समाप्त)